गजभियेजींचं झापड

गजभियेजी कोणाशीही बोलायला लागण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघून घेत. नवा माणूस गोंधळायचा. बायका पदर सावरायच्या. पण त्या बघण्यात वावगं काही नसे. डोळा लाल आहे का, पाणी गळतंय का, कोपऱ्यात काही अडकलंय का, एवढंच त्यांना बघायचं असे. सगळं ठीक दिसलं की चेहरा खुलायचा आणि "हं, बोला आता," म्हणायचे. लाल दिसला तर तुमचं काम राहिलं बाजूला.

"कायनं आले? सायकलनं? तोंडावर काय होतं मंग? काहीच नाई? काहून?"

या 'काहून'ला कोणाजवळच उत्तर नसायचं. सायकल चालवताना तोंडावर काही बांधायचं असतं, हे त्या काळात नागपुरात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून कानाला दुपट्टा गुंडाळायचे, तेवढंच. डोळे उघडेच. मेच्या महिन्यात दुपारी वावटळ उठली की सायकलवाले एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं डोळे चोळत जाताना दिसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले कितीतरी आमच्या वॉर्डासमोरच्या बाकावर येऊन बसायचे.

नागपूरच्या सदर भागातल्या एका दवाखान्यात मी डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते आणि गजभियेजी एक्स-रे काढायचे. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी नोकरीला लागले तेव्हा ते तिथे आधीपासून होते. उंच, सावळे, भांग पाण्यानं चापून बसवलेला, पांढरा बुशशर्ट कडक इस्त्रीचा. आवाज एवढा मोठा की एक्स-रेच्या खोलीचं जाड दार बंद असलं तरी बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू यायचं, "श्वास घ्या... रोका... हलू नोका... सोडा!" हे चार शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की दवाखान्यात कुठे भांडण लागलं, ड्रायव्हर आणि कंपाउंडर एकमेकांच्या अंगावर धावले, की गजभियेजी मध्ये उभे राहून तसंच ओरडायचे. "श्वास रोका!" भांडणारे खरोखर थांबायचे. मग हे हसत म्हणायचे, "हं, सोडा." तोवर भांडणाची हवा गेलेली असायची.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्याच डोळ्यामुळे. मी महाल या वस्तीतून सायकलनं यायची. एकदा उन्हाळ्यात, सकाळचीच वेळ, एक कोळशाचा ट्रक उघडाच पुढून गेला आणि डोळ्यात काहीतरी गेलं. कशीबशी दवाखान्यात पोचले. आमच्या डॉक्टरांनी कण काढला, मलम घातलं, पट्टी बांधली. मी एका डोळ्यानं काम करत होते, तेवढ्यात एक्स-रेचे गजभियेजी वॉर्डाच्या दारात उभे.

"सिस्टर, तुमीच का त्या, डोयात कोळसा गेला त्या?"

"हो."

"दुसऱ्यांचे डोये धुता अन् सोताचे उघडे ठेवता?"

मला रागच आला. ओळख ना पाळख. पण ते माझ्या रागाकडे लक्ष न देता माझ्या कपाळाची रुंदी डोळ्यांनी मोजत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वस्तू आणून दिली. कपाळावर बांधायचा एक पट्टा, आतून मऊ फडकं लावलेलं, आणि त्याला खाली लोंबणारी एक वाकवलेली पारदर्शक पट्टी, किंचित निळसर, नाकाच्या शेंड्यापर्यंत येणारी. बाजूंनी कानापर्यंत वळलेली.

"हे काय?"

"झापड. पदराखालून बांधा. कोनाले दिसनार बी नाई."

दिसायचं कसं नाही? चांगलं दिसायचं. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या पोरांनी "टांग्याचा घोडा, टांग्याचा घोडा" करत पाठलाग केला. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना बाजूनं चामड्याची झापडं लावतात, त्यावरूनच ते नाव पडलं होतं आणि गजभियेजींनी ते आनंदानं उचललं होतं. मी दोन दिवस ते पिशवीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि मी बांधलं. नंतर ते सुटलं नाही. पावसातही बांधायची. समोरून टाचण्यांसारखा येणारा पाऊस झापडावरून निथळून जायचा आणि मला डोळे न मिटता रस्ता दिसायचा. पुढे आमच्या गल्लीतल्या दोन शिक्षिकांनी माझ्याकडून मागवून घेतली. एका दूधवाल्याला दिलं, तर त्यानं उन्हात धरून बघितलं आणि घाबरून परत केलं. त्याला त्यात कोणाच्या तरी हाताची बोटं दिसली होती.

कारण ही झापडं एक्स-रेच्या फिल्मची असत. रोगी हलला, फिल्म धुरकट आली, की ती वाया जायची. रेकॉर्डमधून काढून टाकलेल्याही असायच्या. मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून गजभियेजी त्या घ्यायचे. दुपारच्या सुट्टीत एक्स-रेच्या मागच्या अंगणात मोठं घमेलं, त्यात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. फिल्म त्यात बुडवून ठेवायची. मग काथ्यानं हलकंसं चोळलं की वरचा काळा थर सुटायचा. बरगड्या, मणके, मोडलेली हाडं सगळी पाण्यात विरघळून जायची आणि मागे स्वच्छ निळसर पापुद्रा उरायचा. तो दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचा. दुरून बघणाऱ्याला वाटायचं की आकाशाचेच तुकडे कापून टांगलेत. त्या दूधवाल्याच्या फिल्मला सोडा कमी पडला असावा.

त्या अंगणातली एक दुपार मला विसरता येत नाही. मी डबा खाऊन तिकडून जात होते. उमरेडकडची एक बाई, वय झालेली, कपाळ मोकळं, घमेल्यापाशी उभी होती. तिचा नवरा वर्षापूर्वी आमच्या दवाखान्यात छातीच्या रोगानं वारला होता.

"बापू," ती गजभियेजींना म्हणाली, "आमच्या मानसाचा फोटो काढला होता तुमी. तो भेटन का?"

"बाई, तो एक्स-रे. त्याचं काय करता आता?"

"दुसरा फोटोच नाई त्यायचा. कदी काढलाच नाई."

गजभियेजींच्या हातात काथ्या होता. त्यांनी तो खाली ठेवला. हात पुसले, आत गेले, आणि टाकायच्या फिल्मचा सगळा गठ्ठा बाहेर आणून ओट्यावर बसले. नाव विचारलं आणि एकेक कोपरा बघत शोधत राहिले. सुट्टी संपली, आत रोगी खोळंबले, त्यांनी कोणाला तरी सांगितलं, "थांबाले सांग." शेवटी सापडली. बाईनं ती उन्हासमोर धरली. बराच वेळ बघितलं. मग एका बरगडीवर बोट ठेवलं. तिथे हाड जुळल्याची गाठ होती.

"हे पाहा, बैलानं मारलं होतं. मीच हळद बांधली होती. तेच हायत हे."

तिनं फिल्म पदरात गुंडाळली आणि गेली. घमेल्यातलं पाणी गजभियेजींनी ओतून दिलं. त्यानंतर गेलेल्या माणसाची फिल्म त्यांनी कधी घमेल्यात घातली नाही. त्या वेगळ्या काढून ठेवायचे. "कोनी तरी येईन मागाले," म्हणायचे.

त्यांची मोटरसायकल हा दवाखान्याचा करमणुकीचा विषय होता. जुनी, जड, सगळे तिला फटफटी म्हणायचे. तिच्या हँडलवर त्यांनी जाड प्लास्टिकची एवढी मोठी काच बसवली होती की पलीकडचा माणूस काचेच्या कपाटात बसल्यासारखा वाटे. पायांवर चिखल उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना रेक्झिनचे पडदे, हातांवर पाऊस येऊ नये म्हणून तेलाचा डबा कापून केलेली दोन टोपणं. पावसाळ्यात सगळे चिंब होऊन यायचे आणि गजभियेजी इस्त्रीच्या शर्टात उतरायचे. पोर्चमध्ये उभे राहून आम्हां भिजलेल्यांकडे दया आल्यासारखं बघायचे. त्यांना मिरवायची भारी हौस!

एका वादळात ती काचच त्यांना घेऊन गेली. वारा बाजूनं आला, काच शिडासारखी फुगली आणि फटफटीसकट गजभियेजी रस्त्याकडेच्या बेशरमाच्या झुडपात. कोपर सोलून आले. आम्ही हसलो, तेही हसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी करवतीनं ती काच नाकाच्या उंचीला कापली आणि कडा कानशीनं गोल केल्या. मग बँडेजच्या कापडाच्या बारीक पट्ट्या शर्टावर, टोपीवर, खांद्यांवर चिकटवून ते सदरच्या रस्त्यावरून फटफटी पळवत होते. पट्ट्या कुठे फडफडतात आणि कुठे पडून राहतात, त्यावरून वारा कुठून जातो ते कळायचं. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कुठल्या तरी वरातीतला माणूस मागे राहिला.

"समजलं सिस्टर," ते परत येऊन म्हणाले. "काचेतून नाई पाहाचं. काचेवरून पाहाचं. वारा काचेवर चढते अन् डोक्यावरून निघून जाते. आपन खाली सूममधे."

सूम म्हणजे सामसूम. वाऱ्याच्या मागे जी शांत जागा उरते, तिला त्यांनी दिलेलं हे नाव.

ती जागा मी एकदा बघितली आहे. आईला बरं नसल्याचा निरोप आला आणि बाहेर कोसळत होतं. सायकलनं निघाले असते तर पोचायला उशीर झाला असता. गजभियेजींनी काही विचारलं नाही, फटफटी दारात आणून उभी केली. त्या काळी परक्या माणसाच्या मागे बसणं ही साधी गोष्ट नव्हती. मी बसले. रस्ताभर पाऊस दोन्ही बाजूंनी पांढऱ्या भिंतीसारखा उभा होता. त्याचा आवाज एवढा की बोलणं शक्य नव्हतं. आणि माझ्या चेहऱ्यावर एक थेंब आला नाही. ते काचेवरून समोर बघत होते, मी त्यांच्या पाठीमागे, आणि आमच्याभोवती ती कोरडी, शांत जागा आमच्याबरोबर पुढे सरकत होती. महालात आमच्या गल्लीच्या अलीकडेच मी थांबवायला सांगितलं. का, ते त्यांना सांगावं लागलं नाही. "आईले सांभाळा," म्हणाले आणि वळले. गल्लीतून घरी जाईपर्यंत मी पूर्ण भिजले. आई दोन दिवसांत बरी झाली. पण पाऊस लागला की माझं मन अजून त्याच रस्त्यावर जातं.

आमच्या गल्लीपासून त्यांच्या गावच्या, भिवापूरच्या गजभियांच्या घरापर्यंत जायला त्या काळी रस्ता नव्हता, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. आमच्या घरी सोवळं पाळत. त्यांची आई छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला आली होती. गर्दीत चुकू नये म्हणून गजभियेजींनी धाकट्या भावाला खांद्यावर घेतलं होतं. ते अभिमानानं सांगायचे, "दिनू सगळ्यायच्या वर होता. त्यालेच सगळं दिसलं."

या दिनूबद्दल ते एवढंच बोलायचे. बाकी गोष्ट मला त्यांच्याकडून कळली ती फार नंतर, एका संथ दुपारी, झापडं कापता कापता.

वडील लवकर गेले. दिनूला, म्हणजे दिनकरला, शिकवायला गजभियेजींनी नागपूरला आणलं, स्वतःजवळ ठेवलं. त्याला लहानपणापासून आगगाडीचं वेड. रेल्वेत इंजिनवर त्याची निवड झाली. डोळ्यांची तपासणी कडक असते, त्यात तो पहिल्या फटक्यात पास झाला. ही बातमी आईला सांगायला दोघं भाऊ फटफटीवरून भिवापूरला निघाले. फटफटी तेव्हा नुकतीच घेतली होती, काच वगैरे काही नव्हतं. उमरेडच्या पुढे गिट्टी भरलेला एक ट्रक समोर होता. दिनकर मागे बसल्या बसल्या पायदानावर उभा राहिला, भावाच्या खांद्यावर हात ठेवून, वाऱ्यात तोंड करून काहीतरी ओरडत होता. ट्रकवरून खडा उडाला.

"मी समोर होतो ना सिस्टर," गजभियेजी म्हणाले. "माह्या अंगावर याले पाह्यजे होता तो. माह्यावरून गेला."

एक डोळा गेला. रेल्वेची नोकरी गेली. दवाखान्यातून उठल्यावर दिनकरनं भावाला एकच विचारलं, "तू एवढ्या जोरात काहून चालवत होता गा?" दिनकर भिवापूरला गेला आणि शेती करू लागला. त्यानंतर तो भावाशी बोलला नाही. हे घरी गेले की तो शेतावर निघून जायचा. आई होती तोवर हे जात राहिले. ती गेल्यावर जाणंही थांबलं.

"एकच राह्यला ना आता त्याचा," ते कात्री चालवत म्हणाले. "अन् तो तिथं दिवसभर सायकलवर फिरते. मिरचीचा सीजन आला की त्या रोडनं मिरचीचे ट्रक चालते. बी उडते, फोतर उडते."

म्हणून दरवर्षी मिरचीच्या हंगामाआधी एक नवं झापड भिवापूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. पोचलं एवढं कळायचं. घातलं की नाही, कळायचं नाही. आम्हां सगळ्यांना त्यांनी बांधून दिलेली ती झापडं, पोस्टमनची, दूधवाल्यांची, शाळेतल्या बायांची, खरी कोणासाठी होती, ते मला त्या दुपारी समजलं.

आणि मग काही वर्षांनी, हिवाळा संपता संपता, दिनकर आमच्याच वॉर्डात आला.

त्याच्या बायकोनं हात धरून आणला होता. कुटार भरलेला ट्रक पुढे चालला होता, हा सायकलवर मागे. वाळलेल्या चाऱ्याचं बारीक कूस डोळ्यात गेलं. गावात कोणी तरी काहीबाही घातलं, आणि चांगल्या डोळ्याच्या बुबुळावर जखम पिकली. नाव-गाव लिहून घेताना माझा हात थांबला. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "सांगता येत नाही. आठवडाभर बघू."

मी एक्स-रेच्या खोलीत गेले. आत रोगी होता. गजभियेजींनी माझ्याकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजले.

"कोनता डोया?"

"चांगला."

ते तसेच उभे राहिले. टेबलावरच्या रोग्यानं श्वास रोखून धरला होता. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, सोडू का?"

दिनकरच्या डोळ्यांवर पट्टी होती. गजभियेजी आले ते पायांतल्या चपला बाहेर काढून. मला तोंडावर बोट ठेवून खूण केली, दिनकरच्या बायकोलाही केली. ती रडायला लागली, आवाज न करता. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं मला सांगितलं, "सारे झापडं पेटीत हायत बाई. एक बी कदी बांधलं नाई. पन फेकू बी नाई देल्लं कदी. मी एकडाव पोराले खेयाले देल्लं तं माह्यावर धावले."

त्या दिवसापासून रोज दुपारच्या सुट्टीत गजभियेजी त्या खाटेपाशी येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. पाणी द्यायचे, उशी सरकवायचे, वारा घालायचे. दिनकर त्यांना वॉर्डबॉय समजायचा. "हो भाऊ, राहू दे भाऊ," म्हणायचा. घसा एवढा मोठा असलेला माणूस त्या स्टुलावर तासभर तोंड मिटून बसलेला बघणं मला फार जड जायचं. मी उगाच दुसऱ्या टोकाला औषधांचा ट्रे आवरत राहायची.

संत्र्यांचे दिवस होते. ते एक संत्रं घेऊन यायचे, सोलायचे, एकेक फोड त्याच्या हातात ठेवायचे. एके दिवशी दिनकरनं फोड तोंडात घातली आणि चावता चावता थांबला. हात पुढे करून त्यानं चाचपडत गजभियेजींचं मनगट पकडलं.

"बिया काढून देऊन राह्यला तू," तो म्हणाला. "लहानपनापासून मले बियाइचं संत्र चालत नाई. हे इथं कोनाले मालूम?"

गजभियेजींनी हात सोडवला नाही.

"दादा?"

"हो."

"कदीपासून येऊन राह्यला?"

"पयल्या दिसापासून."

"मंग बोलला काहून नाई?"

"तू बोलत नव्हता, म्हनून."

वॉर्डात कोणीतरी खोकलं. बाहेर कुठेतरी बादली आपटली. दिनकरनं मनगट धरूनच ठेवलं होतं. मग त्यानं विचारलं, आणि त्यात आता भांडण नव्हतं, नुसतं विचारणं होतं, "त्या दिवशी एवढ्या जोरात काहून चालवत होता गा?"

गजभियेजींचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. मला जेमतेम ऐकू आलं.

"लय खूश होतो रे. म्हनून."

दिनकरच्या पट्टीखालून पाणी आलं. माझ्यातली सिस्टर जागी झाली. जखमेला ते चांगलं नव्हतं, मी पुढे होऊन पट्टी बदलायला हवी होती. मी गेले नाही. थोड्या वेळानं त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "दे, अजून दे." गजभियेजींनी पुढची फोड घेतली आणि बी काढू लागले.

डोळा वाचला. बुबुळावर पांढरा ठिपका राहिला, पण दिसत होतं. पट्टी सुटली तेव्हा दिनकर बराच वेळ भावाकडे बघत राहिला. "बुढा झाला गा तू," म्हणाला. गजभियेजी एवढे हसले की पलीकडच्या वॉर्डातले लोक बघायला आले.

महिना-दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, आम्ही सगळ्यांनी समजावलं. ते म्हणाले, "इथं फोटो काढनारा दुसरा भेटन. त्याले एका डोयानं सारी शेती होत नाई, अन् दुसरा भाऊ तं त्याले भेटत नाई." दवाखान्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याला त्यांनी नवं झापड करून दिलं. एक्स-रेची खोली धुऊन काढली. शेवटच्या दिवशी माझ्या वॉर्डाच्या दारात आले. बोलायला लागण्याआधी, सवयीप्रमाणे, डोळ्यांत बघितलं.

"लाल हाय सिस्टर."

"कचरा गेला काहीतरी."

"निघाला का?"

"निघेल."

मग म्हणाले, "पाण्यानं धुवा. चोळू नोका." आणि गेले.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. चांगला होता, हळू बोलायचा. व्हरांड्यात काही ऐकू यायचं नाही. मागच्या अंगणातली दोरी तशीच राहिली, पुढे कोणी तरी तिच्यावर चादरी वाळत घालू लागलं. मी माझं झापड ओरखड्यांनी धूसर होईपर्यंत वापरलं. बाजारात हेल्मेट आली, चष्मे आले, स्कूटरींना कंपनीच्या काचा आल्या. कोणीतरी भिवापूरकडून आलं की मी सहज विचारल्यासारखं विचारायची. बरे आहेत, शेती करतात, भावाच्या पोरांना शाळेत सोडतात, एवढं कळायचं.

ऐंशीच्या पुढे कधीतरी आमच्या दवाखान्याचं डोळ्यांचं शिबिर भिवापूरला झालं. मी गेले. दिवसभर रांग होती, मान वर करायला सवड मिळाली नाही. दुपारी दिनकरची बायको मला शोधत आली, बरोबर भाकरी आणि ठेचा घेऊन. केस पिकू लागले होते तिचे. "घरी चला ना बाई," म्हणाली. "भाऊजी तुमचं नाव घेत रायतेत. आज मिरची वाळत घातली हाय, दोघं बी तिकडंच हायत. बलावू का?"

"असू द्या," मी म्हटलं. "काम मोडेल त्यांचं. जाताना रस्त्यातच लागेल ना?"

"लागते ना. रोडच्या बाजूलेच हाय."

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. जीप गावाबाहेर आली आणि डाव्या हाताला अख्खं मैदान लाल झालेलं दिसलं. जमिनीवर मिरची पसरलेली, दूरपर्यंत. हवा इतकी तिखट की जीपमधले सगळे खोकू लागले. मैदानाच्या मध्यावर दोन माणसं लाकडी दाताळ्यानं मिरची पालटत होती. दोघांनीही तोंड-डोकं पांढऱ्या दुपट्ट्यानं घट्ट बांधलं होतं आणि डोळ्यांवर झापडं होती. एकाच उंचीची, एकाच चालीची.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आपले गजभियेजी इथेच कुठे असतात ना? थांबायचं का?"

मी त्या दोघांकडे बघत होते. एक पुढे चालला होता, दुसरा त्याच्या मागोमाग, आणि दोघांच्या मधे काहीतरी बोलणं चाललं होतं. एकानं मान मागे टाकली. हसला असावा.

"नको," मी म्हटलं. "उशीर होईल."

गजभियेजी ओळखीचे म्हणून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दोघांनीही वर बघितलं. दोघांनीही हात उंच केला. त्यातले गजभियेजी कोणते, ते मला इतक्या लांबून ओळखता आलं नाही. मी जीपच्या बाहेर वाकून दोघांनाही हात केला.